गेमिंग पीसीच्या एसएसडीवर काय ठेवायचं आणि हार्ड डिस्कवर काय?

‘सी ड्राइव्ह लाल झालाय, काय उडवू?’

गेम खेळणाऱ्या मित्रांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. त्याची उत्तरंही ठरलेली असतात. एक जण म्हणतो, रिसायकल बिन रिकामा कर. दुसरा म्हणतो, कधीच न खेळलेला तो गेम काढून टाक. तिसरा म्हणतो, नवीन एसएसडी घे आणि विषय संपव.

हे तिसरं उत्तर २०२३ मध्ये चालून गेलं असतं, कारण तेव्हा एसएसडीचे भाव चांगलेच उतरले होते. पण २०२५ च्या अखेरीपासून चित्र पालटलं. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटर्सना मेमरी चिप्सची प्रचंड भूक आहे. त्यामुळे रॅम आणि एसएसडी, दोन्हींचे भाव वर गेले. मायक्रॉन या बड्या चिप कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचंच जाहीर केलं. आपल्याकडे अनेकांना क्रूशियलचीच रॅम आणि एसएसडी माहीत होती.

त्यामुळे बऱ्याच जणांना सध्या आहे त्यातच भागवावं लागणार आहे. आपल्याकडच्या गेमिंग पीसीत सर्रास दिसणारी जोडी म्हणजे ५०० जीबीची एसएसडी आणि सोबत एक किंवा दोन टीबीची हार्ड डिस्क. प्रश्न एवढाच, की कुणाला कुठे बसवायचं?

यावर बहुतेक जण दोन निकष लावतात. ‘महत्त्वाचं ते एसएसडीवर’ किंवा ‘मोठं ते हार्ड डिस्कवर’. दोन्ही निकष फसवे आहेत. खरा प्रश्न वेगळाच आहे: ही फाइल वाचली कशी जाते?

हार्ड डिस्क नेमकी कुठे अडते?

हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून वाचणारं एक डोकं, म्हणजे हेड, आत-बाहेर सरकत असतं. डेस्कटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट बघावी लागते, म्हणजे चार मिलिसेकंदांच्या आसपास. त्याआधी हेड योग्य ठिकाणी सरकवायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एकूण बारा-तेरा.

ऐकायला हे काहीच नाही. पण याचा अर्थ असा, की डिस्कवर इकडेतिकडे विखुरलेले तुकडे गोळा करायचे असतील तर ती सेकंदाला फार तर ८० तुकडे आणू शकते.

पोस्टमनचं उदाहरण घ्या. ८० पत्रं एकाच सोसायटीत टाकायची असतील तर पाच मिनिटांचं काम. तीच ८० पत्रं ८० वेगवेगळ्या गल्ल्यांत टाकायची असतील तर दिवस जातो. पत्रं तेवढीच, फरक फक्त पायपिटीचा.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सगळा डेटा फ्लॅश चिप्समध्ये असतो (तोशिबाचे इंजिनिअर फुजिओ मासुओका यांनी हे तंत्रज्ञान १९८० च्या दशकात शोधलं). त्यामुळे कुठलाही तुकडा मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात हाती येतो आणि सेकंदाला हजारो तुकडे सहज मिळतात. ‘एसएसडी वेगवान असते’ म्हणतात ते मुख्यतः यामुळे. जाहिरातीतले ३५०० किंवा ७००० एमबीचे आकडे नंतरचे.

आता उलट बाजू. फाइल एकसलग, धारेसारखी वाचायची असेल, तर हार्ड डिस्कही सेकंदाला १५० एमबी किंवा त्याहून जास्त देते. फोरके ब्लू-रे सिनेमाला जास्तीत जास्त सेकंदाला १६ एमबी लागतात. म्हणजे सिनेमा एसएसडीवर ठेवून तुम्हाला काहीही मिळत नाही. फक्त जागा जाते.

एक टपालपेटी, ४०० वेळा

गेम बनवणाऱ्यांना ही पायपीट कायम छळत आली आहे. प्लेस्टेशन ५ चे मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या भाषणात ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन’ या गेमचं उदाहरण दिलं होतं. न्यूयॉर्कच्या प्रत्येक चौकात दिसणारी टपालपेटी किंवा पेपरचा स्टँड या वस्तू डिस्कवर एकाच जागी ठेवल्या, तर स्पायडर-मॅन झोके घेत पुढच्या चौकात पोहोचेपर्यंत हेडला पुन्हा पुन्हा तिकडे धावावं लागणार. म्हणून प्रत्येक चौकाच्या डेटासोबत त्याच वस्तूची नवी प्रत ठेवली जायची. काही वस्तूंच्या अशा ४०० प्रती त्या एका डिस्कवर होत्या.

जागेची ही उधळपट्टी खरं तर वेळ वाचवण्यासाठी होती. मजा म्हणजे ती दरवेळी लागतेच असं नाही. ‘हेलडायव्हर्स २’ हा गेम पीसीवर १५४ जीबी जागा खात होता. कारण तेच, हार्ड डिस्कवाल्यांसाठी एकाच डेटाच्या अनेक प्रती. मग गेम बनवणाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या गेममध्ये सगळ्यात जास्त वेळ खातं ते प्रत्येक खेळाचा नकाशा नव्याने तयार करणं. ते काम प्रोसेसरचं. डिस्कचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. जादा प्रती काढून टाकल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीत तोच गेम २३ जीबीत बसला. हार्ड डिस्कवर खेळणाऱ्यांचा तोटा झाला तो काही सेकंदांचा.

असाच दुसरा किस्सा ‘जीटीए ऑनलाइन’चा. हा गेम उघडायला काही जणांना सहा-सहा मिनिटं लागायची आणि लोक वर्षानुवर्षं आपल्या डिस्कला दोष द्यायचे. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने शोधून काढलं, की दोष गेमच्या कोडमध्येच आहे. खरेदीच्या वस्तूंची सुमारे १० एमबीची यादी तो इतक्या वेड्यावाकड्या पद्धतीने वाचत होता, की प्रोसेसरचा एक कोअर त्यातच अडकून पडायचा. दुरुस्तीनंतर लोडिंगचा वेळ जवळपास ७० टक्क्यांनी घटला. रॉकस्टारने त्या प्रोग्रामरला १० हजार डॉलरचं बक्षीसही दिलं. त्याआधी फक्त जीटीए ऑनलाइनसाठी एसएसडी घेतलेल्यांचं काय झालं असेल, हा विचार न केलेलाच बरा.

मग आपल्या गेमचं दुखणं कसं ओळखायचं?

यासाठी वेगळं काही इन्स्टॉल करायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि त्यात परफॉर्मन्सच्या पानावर जा. गेम हार्ड डिस्कवर आहे आणि लोडिंग चालू आहे, अशा वेळी डिस्कचा आलेख बघा.

ॲक्टिव्ह टाइम १०० टक्क्यांना चिकटलाय, पण वाचनाचा वेग मात्र सेकंदाला पाच-दहा एमबीच आहे, असं दिसलं तर समजा की हेडची पायपीट चालू आहे. हा गेम एसएसडीवर हलवला तर फरक पडणारच. वेग १५० एमबीच्या घरात असेल, तर डिस्क आपलं काम नीट करतेय आणि एसएसडीने वेळ थोडा आणखी कमी होईल. पण डिस्क निवांत बसलीय आणि तुम्ही मात्र ताटकळताय, असं असेल तर अडचण प्रोसेसरची, रॅमची किंवा गेमच्या सर्व्हरची आहे. असा गेम एसएसडीवर नेऊन ती जागा फुकट घालवू नका.

एक गैरसमज इथेच दूर करू. एसएसडीमुळे एफपीएस वाढत नाही, ते काम ग्राफिक्स कार्डचं. मात्र गाडी भरधाव चालवताना समोरची इमारत आधी चिखलाच्या गोळ्यासारखी दिसणं आणि मग हळूच खिडक्या उगवणं, किंवा वळणावर गेम क्षणभर अडखळणं, हे हार्ड डिस्कमुळे होऊ शकतं. तिथे एसएसडी कामाला येते.

४६५ जीबीचा हिशेब

आता प्रत्यक्ष मांडणी करू. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नाही, कंपनी हजारच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत.

एसएसडीवर पहिला हक्क विंडोजचा. त्यावर वाद नाही. ऑपरेटिंग सिस्टीम दिवसभर हजारो छोट्या फाइली उघडते-मिटते, म्हणजे हार्ड डिस्कला नेमकं जे जमत नाही तेच. रॅम कमी पडली की विंडोज जी पेजफाइल वापरतं, तीही एसएसडीवरच राहू द्या. जागा वाचवायला ती हार्ड डिस्कवर हलवा, असा सल्ला काही व्हिडिओंत अजूनही दिला जातो. आठ जीबी रॅमच्या पीसीवर तो सल्ला पाळून बघा, क्रोम उघडतानाच पश्चात्ताप होईल. विंडोज, ड्रायव्हर, ब्राउझर, डिस्कॉर्ड आणि ही पेजफाइल मिळून ७० जीबी धरू. उरले ३९५.

यातले निदान ५० जीबी मोकळे सोडा. स्वस्तातल्या बऱ्याच एसएसडींमध्ये एका पेशीत चार बिट कोंबलेले असतात. अशा पेशीत लिहायला वेळ लागतो, म्हणून ड्राइव्ह मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता जलद पाटासारखा वापरते. ड्राइव्ह काठोकाठ भरली की हा पाट आटतो आणि मोठी फाइल टाकताना वेग हार्ड डिस्कच्या पातळीला येऊ शकतो. शिवाय गेमचे अपडेट. डाउनलोड दोन जीबीचं असतं, पण एखादी भलीमोठी फाइल नव्याने रचायची असेल तर स्टीम तेवढी मोठी मोकळी जागा मागतं. ‘जागा पुरेशी नाही’ हा संदेश अशाच वेळी डोळ्यांसमोर नाचतो.

राहिले ३४५ जीबी. आता कंपन्यांनीच जाहीर केलेले आकडे बघा. ‘बाल्डर्स गेट ३’ ला १५० जीबी, ‘स्टारफील्ड’ला १२५ आणि ‘सायबरपंक २०७७’ ला ७०. बेरीज ३४५. तीन गेममध्ये गाडी फुल्ल! आणि हे तिन्ही गेम किमान गरजांमध्येच एसएसडी मागतात. सायबरपंक आधी हार्ड डिस्कवर चालायचा, पण सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर हार्ड डिस्कला अधिकृत पाठिंबा उरला नाही.

म्हणजे मोठे, मोकळ्या जगाचे, अलीकडचे गेम एसएसडीवरच लागणार, पण ते एका वेळी दोन-तीनच बसणार. म्हणून त्यातलाही निकष कठोर ठेवा. ‘सध्या खेळतोय’ तोच गेम आत. ‘कधीतरी खेळायचाय’ या यादीला एसएसडीवर जागा नाही. (माझी स्वतःची ही यादी किती लांब आहे, ते विचारू नका.)

रोज रात्री मित्रांसोबत खेळायचा ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ सारखा गेम मात्र एसएसडीवर ठेवा, जरी त्यात भव्य मोकळं जग नसलं तरी. सगळे आत जाऊन बसलेत आणि तुमचाच नकाशा लोड होतोय, हे रोज कोण ऐकून घेणार?

माळ्यावर काय टाकायचं

आपल्या घरात रोजचा कुकर ओट्यावर असतो आणि दिवाळीतला चकलीचा सोऱ्या माळ्यावर. सोऱ्या कमी महत्त्वाचा नसतो, तो रोज लागत नाही एवढंच. हार्ड डिस्क हा आपला माळा.

जुने गेम तिथे खुशाल ठेवा. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने खेळलेला ‘व्हाइस सिटी’ मुळात हार्ड डिस्कच्या काळातच बनलेला आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’सारखे छोटे गेम तर एकदा रॅममध्ये गेले की डिस्ककडे फारसं वळूनही बघत नाहीत.

गेमप्लेचं रेकॉर्डिंगही तिथेच. ५० एमबीपीएसने रेकॉर्ड केलं तर सेकंदाला सव्वासहा एमबी लिहिले जातात, म्हणजे हार्ड डिस्कसाठी किरकोळ काम. तासाला मात्र साडेबावीस जीबी जमा होतात, आणि एसएसडी लाल होण्यामागे बऱ्याचदा हेच कारण सापडतं. ओबीएस किंवा ग्राफिक्स कार्डच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये फोल्डरचा पत्ता एकदाच बदला, की झालं.

काही जण रेकॉर्डिंग हलवतात ते ‘एसएसडी झिजेल’ या भीतीने. तिचाही हिशेब करू. एक टीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपनी साधारण ६०० टीबी लिखाणाची हमी देते. रोज चार तास वरच्या वेगाने रेकॉर्ड केलं तर वर्षाला ३३ टीबी होतात. म्हणजे १८ वर्षं. ५०० जीबीच्या ड्राइव्हला सहसा याच्या निम्मी हमी असते, तरी नऊ वर्षं. तोवर तुमचा पीसी भंगारात गेलेला असेल. रेकॉर्डिंग हलवायचं ते जागेसाठी.

आणि माळ्याचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे रांगेत थांबलेले गेम. १५० जीबीचा गेम काढून टाकला आणि दोन महिन्यांनी परत हवा झाला, तर ४० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर तो उतरवायला आठ तासांहून जास्त लागतील. रोज दोन जीबीच्या मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर ७५ दिवस! तोच गेम हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आणायला सगळं सुरळीत चाललं तर १७ मिनिटं, छोट्या फाइली खूप असतील तर जास्त. चहा होईपर्यंतचं काम. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग इन्स्टॉल्ड फाइल्स, तिथे फोल्डर हलवायची सोय आहे. त्याआधी सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये दुसरी ड्राइव्ह जोडून ठेवा. फोल्डर हाताने कट-पेस्ट करायच्या भानगडीत पडू नका.

कन्सोलवाल्यांनी हाच मार्ग अधिकृत करून टाकला आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसला यूएसबी हार्ड डिस्क लावता येते, तिच्यावर नव्या पिढीचे गेम साठवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. खेळायचा तर आतल्या एसएसडीवर आणा. मागच्या पिढीचे गेम मात्र थेट बाहेरच्या डिस्कवरून चालतात.

साटा की एनव्हीएमई?

पैसे जमवून दुसरी एसएसडी घ्यायचीच असेल, तर हा प्रश्न येईल. साटाची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, एनव्हीएमई त्याच्या सहा ते बारा पट किंवा आणखी जास्त. पण लोडिंगमध्ये डेटा उलगडायचं काम बहुतेक गेममध्ये प्रोसेसर करतो, त्यामुळे फरक सहसा काही सेकंदांचाच उरतो. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज हे तंत्र ते काम ग्राफिक्स कार्डकडे सोपवू शकतं. पीसीवर ते पहिल्यांदा जानेवारी २०२३ मध्ये ‘फोरस्पोकन’ने वापरलं, पण अजून मोजक्याच गेममध्ये दिसतं. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणं ही मोठी उडी, तिथून पुढची छोटी. मदरबोर्डवर एम डॉट टूची जागा रिकामी असेल आणि किमतीत फरक नसेल तर एनव्हीएमईच घ्या. जुन्या पीसीला साटा पुरेशी आहे.

जे परत डाउनलोड होत नाही

गेम कितीही मोठा असो, तो परत मिळतो. तुमची सेव्ह फाइल मिळत नाही. आणि ती बहुतेक वेळा काही एमबीचीच असते.

सेव्ह फाइली बहुतांशी सी ड्राइव्हवरच असतात. कधी डॉक्युमेंट्समध्ये, कधी सेव्ह्ड गेम्समध्ये, कधी ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. गेम डी ड्राइव्हवर असला तरी सेव्ह सीवर. स्टीम क्लाउड कामाला येतं, पण सगळे गेम ते वापरत नाहीत. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत बांधलेली जगं तर फक्त तुमच्याच पीसीवर राहतात.

माझ्या मावसभावाने आणि त्याच्या दोन मित्रांनी २०२० च्या लॉकडाउनमध्ये माइनक्राफ्टमध्ये एक अख्खा किल्ला उभारला होता. तटबंदी, बुरूज, आत पाण्याचं टाकं, सगळं. पुढे पीसी अडकायला लागला म्हणून तो दुरुस्तीला दिला. ‘डी ड्राइव्हला हात लावणार नाही’ असं दुकानदाराने सांगितलं आणि तो शब्द त्याने पाळलाही. फॉरमॅट केला तो फक्त सी.

हार्ड डिस्क नुसती क्विक फॉरमॅट झाली असती, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत मिळालं असतं, कारण तिथे डेटा लगेच पुसला जात नाही. एसएसडीला मात्र फॉरमॅट करतानाच विंडोज ‘ही जागा आता मोकळी’ असं कळवतं. या सूचनेला ट्रिम म्हणतात. मग ड्राइव्ह आतल्या आत त्या पेशी साफ करून टाकते. वेग टिकवायला हे चांगलं, फाइल परत शोधायला वाईट. आम्ही दोन सॉफ्टवेअर चालवून बघितली, दोन्हींनी शून्य दाखवलं.

म्हणून सेव्ह फाइली एसएसडीवर आहेत तिथेच राहू द्या, पण त्या फोल्डरची एक प्रत महिन्यातून एकदा हार्ड डिस्कवर आणि एक पेनड्राइव्ह किंवा क्लाउडवर टाका. घरचे फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट यांनाही हेच लागू. आणि जुनी एसएसडी काढून, तिच्यावर फोटो भरून कपाटात ठेवायचा विचार असेल तर थांबा. विजेशिवाय पडून राहिलेल्या एसएसडीतला चार्ज हळूहळू ओसरतो. घरगुती एसएसडींसाठीच्या जेडेक या संस्थेच्या मानकात, पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हने ३० अंश तापमानात एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह त्याहून बरीच जास्त टिकवते, पण कपाटासाठी हार्ड डिस्कच बरी.

मावसभावाच्या किल्ल्याचे सहा-सात स्क्रीनशॉट तेवढे शिल्लक आहेत. जागा होत नव्हती म्हणून त्याने ते कधीतरी डी ड्राइव्हवर टाकले होते.